'जूडास!' : श्रोत्यांच्या एका उद्गाराचा अर्थविचार

कलावंताने आपली शैली बदलली असता त्याच्या चाहत्यांत असंतोष उत्पन्न व्हावा, यात नवल नाही. परंतु हा असंतोष कोणत्या शब्दांचा आश्रय घेतो, हे भाषाभ्यासकाने अवश्य पाहावे असे आहे. एखादे गाणे आवडले नाही तर ते 'बेसूर', 'उथळ' किंवा 'कंटाळवाणे' आहे असे म्हणता येते. ही विशेषणे रसिकतेच्या क्षेत्रातील होत. याउलट 'विकला गेला', 'फितूर झाला', 'आपला राहिला नाही' हे शब्दप्रयोग नीतीच्या व निष्ठेच्या क्षेत्रातील आहेत. संगीताविषयीची नाराजी या दुसऱ्या क्षेत्रातील शब्द का स्वीकारते, हा येथील प्रश्न आहे. त्याच्या विवेचनासाठी अमेरिकन गायक-कवी बॉब डिलन याचे १९६५-६६ मधील उदाहरण विशेष उपयुक्त आहे. कारण त्यातील सर्वांत गाजलेला उद्गार ध्वनिमुद्रित झालेला असून त्याचे स्थळ, काळ व संदर्भ निश्चित आहेत.

१. घटनाक्रम

अमेरिकेतील लोकगीत-पुनरुज्जीवनाच्या चळवळीत डिलनचा उदय झाला. साधी गिटार, गळ्यात अडकवलेली हार्मोनिका आणि एकट्याचा आवाज, एवढीच त्याची सामग्री होती. २८ ऑगस्ट १९६३ रोजी नागरी हक्कांसाठी निघालेल्या वॉशिंग्टनच्या मोर्चात तो गायला. युद्धविरोध व वर्णभेदाचा निषेध यांच्याशी त्याचे नाव निगडित झाले. मात्र १९६४ पासून त्याची गीते अधिकाधिक अंतर्मुख होऊ लागली. त्याच वर्षी 'सिंग आउट' या चळवळीच्या नियतकालिकाचे संपादक अर्विन सिल्बर यांनी त्याला उद्देशून अनावृत पत्र लिहिले व या वळणाविषयी चिंता व्यक्त केली. म्हणजे विद्युत्-वाद्ये हाती येण्यापूर्वीच तक्रारीचा आरंभ झाला होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मार्च १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस वाद्यवृंदाची साथ होती, तर दुसरी बाजू मुख्यतः जुन्या पद्धतीची होती. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्ट येथील लोकगीत-महोत्सवात तो विद्युत्-गिटार घेऊन, वादकांसह उभा राहिला. अवघी तीन गाणी झाली. श्रोत्यांतून हुर्योही उठली व वाहवाही. पुढे साधी गिटार घेऊन परत येऊन त्याने आणखी दोन गाणी म्हटली. त्यानंतरच्या दौऱ्यात 'द हॉक्स' हा वाद्यवृंद त्याच्या साथीस होता. त्यातील ढोलवादक लेव्हॉन हेल्म रोजच्या हुर्योला कंटाळून १९६५ संपण्यापूर्वीच दौरा सोडून गेला. १९६६ च्या वसंतात हा दौरा इंग्लंडमध्ये पोहोचला. कार्यक्रमाचा पूर्वार्ध एकट्याचा व उत्तरार्ध वाद्यवृंदासह, अशी त्याची रचना होती. १७ मे रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये उत्तरार्धातील शेवटच्या गाण्यापूर्वीच्या शांततेत एका श्रोत्याने 'जूडास!' अशी आरोळी ठोकली.

२. पुराव्याचे स्वरूप

न्यूपोर्ट व मँचेस्टर या दोन घटना बहुधा एकाच श्वासात सांगितल्या जातात. संशोधनाच्या दृष्टीने हे योग्य नव्हे. न्यूपोर्टची हुर्यो विद्युत्-वाद्यांविरुद्ध होती, ध्वनियोजना सदोष असल्यामुळे होती, की कार्यक्रम फारच लवकर आटोपला म्हणून होती, याविषयी उपस्थितांच्या साक्षी परस्परविरुद्ध आहेत. ज्येष्ठ गायक पीट सीगर यांचा संताप तर प्रसिद्धच आहे. परंतु आपला राग विद्युत्-वाद्यांवर नसून शब्द ऐकू येईनात एवढ्या विकृत झालेल्या आवाजावर होता, असे त्यांनी पुढे स्पष्ट केले. हुर्यो ही शब्दहीन असल्यामुळे तिचा अर्थ ऐकणारा आपल्या समजुतीप्रमाणे भरतो.

मँचेस्टरचा उद्गार मात्र शब्दरूप आहे. त्याचे ध्वनिमुद्रण अनधिकृतपणे अनेक वर्षे फिरत राहिले, तेही लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या चुकीच्या नावाने. १९९८ मध्ये ते अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. तो उद्गार आपला होता, असे पुढे एकाहून अधिक व्यक्तींनी सांगितले. २०२४ मधील 'अ कम्प्लीट अननोन' या चित्रपटात हाच उद्गार न्यूपोर्टच्या श्रोत्याच्या तोंडी घातला आहे. लोकस्मृतीला अर्थहीन हुर्योपेक्षा अर्थपूर्ण शब्द हवा असतो आणि तो दुसरीकडून उचलून आणण्यास तिचा संकोच नसतो, हे यावरून दिसते.

३. वाद्य हे चिन्ह

विद्युत्-गिटार हे वाद्य स्वतःच आक्षेपार्ह होते, असे मानावे तर एक अडचण येते. त्याच न्यूपोर्ट महोत्सवात डिलनच्या आधी पॉल बटरफील्ड ब्लूज बँडने विद्युत्-वाद्यांसह वादन केले होते. त्यावरून लोकगीत-संशोधक ॲलन लोमॅक्स व डिलनचा व्यवस्थापक अल्बर्ट ग्रॉसमन यांच्यात हातघाई झाली हे खरे. परंतु बटरफील्डला कोणी विश्वासघातकी म्हटले नाही. यावरून उघड होते की, आक्षेपाचे मूळ केवळ ध्वनीत नव्हते. तो ध्वनी कोण काढतो, यात होते.

चिन्ह व त्याचा अर्थ यांतील संबंध सांकेतिक असतो, हा भाषाशास्त्राचा परिचित सिद्धान्त आहे. लाकडी गिटारीच्या तारेत सत्य वसत नाही आणि विजेच्या प्रवाहात असत्य वाहत नाही. परंतु लोकगीत-चळवळीत साधे वाद्य म्हणजे लोक, श्रम, प्रामाणिकपणा. आणि विद्युत्-वाद्य म्हणजे बाजार, नाच, किशोरवयीन करमणूक, असा संकेत रूढ झाला होता. संकेत जितका अंगवळणी पडतो तितका तो निसर्गसिद्ध वाटू लागतो. जुलै १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेले डिलनचे नवे गीत बिलबोर्डच्या विक्रियादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले, तेव्हा 'वीज म्हणजे बाजार' हे समीकरण अनेकांना सिद्ध झाल्यासारखेच वाटले असल्यास आश्चर्य नाही.

४. उद्गाराचा गृहीतार्थ

आता प्रत्यक्ष उद्गाराकडे वळता येईल. मराठी बायबलात ज्याला यहूदा इस्कर्योत म्हटले आहे, तोच हा जूडास. विशेषनामाचे सामान्यनाम होण्याचा हा प्रकार मराठीस अपरिचित नाही; 'सूर्याजी पिसाळ' हे नाव याच रीतीने वापरले जाते. या दोन्ही नावांत दोन गोष्टी समान आहेत. पहिली, मोबदला. जूडासच्या कथेत तीस रौप्यनाणी आहेत. सूर्याजी पिसाळाच्या परंपरागत कथेत, तिचे ऐतिहासिक सत्यासत्य काहीही असो, वाईची देशमुखी आहे. म्हणजे 'विकला गेला' हा आरोप नावातच अंतर्भूत आहे. तो निराळा उच्चारावा लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जूडास हा बारा शिष्यांपैकी एक होता. फितूर होण्यासाठी आधी आपला असावे लागते. अफझलखानाला कोणी फितूर म्हणत नाही, कारण तो प्रथमपासून शत्रूच होता. तात्पर्य, 'जूडास' या शब्दाचा वाच्यार्थ तिरस्काराचा असला, तरी त्याचा गृहीतार्थ आत्मीयतेचा आहे: 'तू आमच्यातला होतास.' ज्याचे गाणे केवळ करमणूक म्हणून ऐकले, त्याला हा शब्द कोणी लावणार नाही. ज्याच्या गाण्यावरून श्रोत्याने स्वतःची ओळख ठरवली, त्याच्या बदलाने ती ओळखच डळमळते. म्हणून आरोप रसिकतेची भाषा सोडून निष्ठेची भाषा बोलतो.

येथे एक विसंगतीही नोंदवली पाहिजे. जूडास हा गुरूचा घात करणारा शिष्य होता. मँचेस्टरमध्ये गुरुस्थानी मानलेल्या गायकालाच हे नाव मिळाले. मग घात झाला कोणाचा? उद्गारात त्याचे उत्तर नाही. परंतु ते स्थान श्रोत्यांच्या समुदायाने किंवा त्याच्या ध्येयाने घेतले आहे, असाच अर्थ करावा लागतो. अर्थात् श्रोत्यांच्या मते गायक हा ध्येयाचा स्वामी नसून सेवक होता. डिलनला हे मान्य नव्हते, आणि संघर्षाचे खरे मूळ येथेच आहे. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या डिलनला हे नाव किती झोंबले, हे २०१२ मधील त्याच्या मुलाखतीवरून दिसते. केवळ विद्युत्-गिटार वाजवल्याबद्दल मानवेतिहासातील सर्वाधिक तिरस्कृत नाव आपणास दिले गेले, असा त्याचा रोख होता.

५. उत्तर व उत्तरकाल

त्याच कार्यक्रमात श्रोत्यांनी संथ, एकसुरी टाळ्यांनी व्यत्यय आणला, तेव्हा डिलन ध्वनिक्षेपकात अस्पष्ट असे काहीतरी पुटपुटत राहिला. हा काय बोलतो आहे, हे ऐकण्यासाठी टाळ्या थांबल्या. तेव्हा, इतक्या जोराने टाळ्या वाजवल्या नसत्या तर बरे, अशा आशयाचे शेवटचे शब्दच काय ते स्पष्ट ऐकू आले. अर्थशून्य उच्चारही संवादाचे कार्य करू शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय. 'जूडास' या आरोळीला मात्र त्याने शब्दांनी उत्तर दिले: आपला तुझ्यावर विश्वास नाही, तू खोटारडा आहेस, अशा अर्थाचे. विश्वासघाताच्या आरोपास अविश्वासाने दिलेले हे उत्तर त्याच नैतिक क्षेत्रातील आहे. वादकांना मोठ्याने वाजवण्यास सांगून त्याने शेवटचे गाणे सुरू केले.

१९७४ मध्ये त्याच साथीदारांसह, आता 'द बँड' या नावाने, डिलनने पुन्हा दौरा केला. वादन पूर्वीइतकेच जोरकस होते. प्रतिसाद मात्र जल्लोषाचा होता. मधल्या काळात संकेत बदलला होता. विद्युत्-गिटारीचा अर्थ आता 'बाजार' एवढाच उरला नव्हता. तिच्यावर गंभीर काव्यही पेलता येते, हे सर्वमान्य झाले होते, आणि तो बदल घडवण्यात डिलनचा वाटा मोठा होता.

यावरून मँचेस्टरचा श्रोता अडाणी होता असा निष्कर्ष काढणे सोपे, पण अन्यायाचे होईल. त्याने चिन्हाचा अर्थ आपल्या समुदायाच्या संकेतानुसार अचूक वाचला होता. बदलत होता तो संकेतच. जो समुदाय गाण्याला जीवनमूल्य मानतो, त्याच्याच तोंडून असा शब्द निघतो. चाहत्यांच्या निषेधाचा अभ्यास करताना त्यांचे मत बरोबर ठरले की चूक, एवढेच पाहून भागत नाही. निषेधासाठी निवडलेला शब्द कोणते नाते गृहीत धरतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. कारण ते नाते तुटताना जे दुःख होते, तेच त्या शब्दात बोलत असते.