लग्न पडद्यावर, वऱ्हाड घरी

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास शेजारच्या इमारतीतला मुलगा धावत आला. "डॉक्टर, आजींना कसेतरीच होते आहे!"

वाघोलीतल्या आमच्या दवाखान्याजवळच या आजी राहतात. वय 74, जुना मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, शिवाय हृदय अशक्त. जाऊन पाहतो तो आजी ठेवणीतली पैठणी नेसून, नथ घालून खुर्चीत बसलेल्या. अंग घामाने डबडबलेले, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. समोर मोबाईलवर सनई वाजत होती आणि हाताशी अक्षतांची वाटी.

नातवाचे लग्न अमेरिकेत, न्यू जर्सीला होते. मुलगा-सून तिकडे गेले होते. मुहूर्त तिकडच्या सकाळी 11 चा, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठचा. आजींनी नेहमीप्रमाणे साडेसातला इन्सुलिन घेतले आणि अक्षता पडल्याशिवाय जेवायचे नाही म्हणून ताट झाकून ठेवले. मुहूर्त तासभर लांबला. रक्तातील साखर तपासली तर 52! त्या शुद्धीवर होत्या म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी केली आणि मग जेवायला घातले.

पडद्यावर पाहुण्यांच्या वीसेक चौकटी होत्या. त्यातल्या एका चौकटीत आजी होत्या. त्यांची मान कलंडली, तरी मांडवात कोणाच्याही ते लक्षात आले नाही. मोबाईल जोडून देणारा मुलगा सहज डोकावला म्हणून निभावले. एवढा प्रवास करू नका, हा सल्ला त्यांना मीच दिला होता. घरी बसून लग्न कसे पाहावे, हे सांगायचे मात्र माझ्याकडून राहून गेले. म्हणून आज हा विषय.

ही सोय कोणासाठी?

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि मोबाईलवरून लग्न पाहणे घरोघरी माहीत झाले. एप्रिल 2021 मध्ये तर राज्यात लग्नाला 25 माणसे आणि दोन तास एवढीच मुभा होती. आता नगर रस्त्यावरची मंगल कार्यालये पुन्हा गजबजली आहेत. तरीही ही सोय टिकली आणि ते चांगलेच झाले. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, डायलिसिसवर असलेले आणि बाळंतिणी यांना ती वरदान आहे. ताप-खोकला किंवा कांजिण्या झालेल्यांनी तर भिडेखातर मांडवात न जाणे हाच खरा शिष्टाचार.

उन्हाळ्यातील लग्नांबाबतही हा विचार करावा. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील कार्यक्रमात उष्माघाताने 14 जणांचा बळी गेला, हे विसरू नये. भर दुपारच्या मुहूर्ताला म्हातारी माणसे घरून आशीर्वाद देतात म्हणून कोणी रुसू नये.

वधूवरांनी मात्र एकाच मांडवात असावे. हिंदू विवाह कायदा 1955 नुसार, जिथे सप्तपदीचा विधी आहे तिथे वधूवरांनी मिळून अग्नीसमोर सातवे पाऊल टाकल्यावरच विवाह पूर्ण होतो.

यजमानांसाठी

1. निमंत्रणात दोन्हीकडच्या वेळा लिहाव्यात. न्यू जर्सीचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास, तर हिवाळ्यात साडेदहा तास असते. आपला दुपारी साडेबाराचा मुहूर्त उन्हाळ्यात तिकडे पहाटे तीनला येतो. संध्याकाळी साडेसहाचा गोरज मुहूर्त सकाळी नऊला. शक्य असेल तर सर्वांच्या झोपेचा आणि जेवणाचा विचार करून मुहूर्त धरावा. उशीर होणार असेल तर तसा निरोप द्यावा.

2. पंगतीत कोणाला काय हवे-नको ते पाहायला एखादी मावशी असते. तसा पडद्यावरच्या पाहुण्यांसाठीही एक माणूस नेमावा. त्याने प्रत्येकाचे नाव घेऊन विचारपूस करावी. एखादी चौकट बराच वेळ स्तब्ध दिसली तर त्या घरी फोन करावा.

3. आदल्या दिवशी सर्व जोडणी तपासून पाहावी. झूमच्या मोफत बैठकीला 40 मिनिटांची मर्यादा असते. ऐन मंगलाष्टकांत चित्र गेले तर म्हाताऱ्या माणसांचा जीव कासावीस होतो. माईक भटजींजवळ ठेवावा, बँडजवळ नव्हे.

4. अक्षता पडल्यावर मोबाईल वधूवरांपुढे नेऊन घरच्या वडीलधाऱ्यांना नमस्कार करवावा. दोन मिनिटे लागतात, पण त्या दोन मिनिटांसाठीच ती माणसे सकाळपासून नटून बसलेली असतात.

घरी बसलेल्या पाहुण्यांसाठी

1. मुहूर्त लांबला तरी जेवण लांबवू नये. इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी घेतली की वेळेवर जेवलेच पाहिजे. रक्तदाबाच्या गोळ्याही ठरलेल्या वेळीच घ्याव्यात. घाम, थरथर, भोवळ, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसताच साखरेचे पाणी द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. ताबडतोब 108 ला फोन करावा.

2. वृद्धांना मोबाईलपुढे एकटे बसवू नये. फोन हातात धरून न ठेवता टेकवून ठेवावा, मान वाकवावी लागणार नाही एवढा उंच. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे.

3. आपला आवाज बंद ठेवावा. "मुलगी जरा सावळीच आहे" हे घरातले वाक्य साऱ्या मांडवाने ऐकल्याचे उदाहरण मला माहीत आहे! कपडे नीटनेटके असावेत. लोळत, जेवत किंवा दूरदर्शन लावून लग्न पाहू नये.

4. मंगलाष्टके आपल्याला काही सेकंद उशिरा ऐकू येतात. त्यामुळे मोठ्याने गाऊन गोंधळ वाढवू नये. दुसऱ्यांचे फोटो न विचारता पुढे पाठवू नयेत.

5. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून 'एपीके' फाइल आली तर ती उघडू नये. तिच्यातून फोन ताब्यात घेऊन बँकेतले पैसे लांबवले जातात. फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

आजींचे पुढे काय झाले? डिसेंबरमध्ये त्यांच्या नातीचे लग्न नागपूरला झाले. या वेळी आजी आधी वरणभात जेवल्या, मग पैठणी नेसल्या. शेजारीण सोबतीला बसली. तिकडे एका भाच्याकडे फक्त आजींचे काम होते. अक्षता पडल्यावर त्याने फोन थेट बोहल्यावर नेला आणि जोडप्याने वाकून नमस्कार केला. आजींच्या अक्षता चार सेकंद उशिरा पडल्या असतील. साखर मात्र 140 होती.