पाच दिवसांचे सामने

इ. स. १९६४ च्या नोव्हेंबर महिन्यात टोकिओ नगरीत अपंगांचे जागतिक क्रीडासामने भरले. चाकांच्या खुर्चीत बसून खेळाडू भाला फेकीत, बाण सोडीत. जपानी खेळाडू बहुतेक रुग्णालयांतून आलेले होते. परदेशी खेळाडूंपैकी पुष्कळजण मात्र नोकरी-व्यवसाय करून स्वतःचा संसार चालवीत. हा भेद जपानी संघाचे प्रमुख डॉ. युताका नाकामुरा यांच्या मनाला लागला. अपंगांना दया नको, संधी हवी, हे त्यांनी जाणले. १९६५ साली त्यांनी बेप्पू येथे 'ताइयो नो इए', म्हणजे 'सूर्याचे घर', ही संस्था स्थापिली. तेथे अपंग स्त्रीपुरुष स्वकष्टाची भाकर मिळवू लागले. मुलांनो, सामने पाच दिवसांत संपले. परंतु त्यांतून उभे राहिलेले हे घर आजही कार्य करीत आहे.