पेटीआधी पोचलेला फोटो

२५ मार्च २०२० हा गुढीपाडव्याचा दिवस होता आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला. कोकणात आंब्याच्या हंगामाला तोंड फुटायची हीच वेळ. झाडावर फळ तयार होतं, पण गाड्या बंद, निर्यात ठप्प आणि वाशीचा बाजार आज चालू तर उद्या बंद. आंब्याला ‘थांब’ म्हणता येत नाही. उतरवला नाही तर तो झाडावरच पिकून गळतो, आणि उतरवला तर आढीतले मोजके दिवस हातात उरतात.

त्या वर्षी देवगड-रत्नागिरीच्या अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्यातल्या ओळखीपाळखीच्या लोकांना फोन लावले. त्या लोकांनी आपापल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला. कोणी तरी पुढे होऊन यादी केली, कोणाला दोन डझन, कोणाला पाच डझन ते लिहून घेतलं, पैसे यूपीआयने गेले आणि परवाना काढलेला टेम्पो थेट सोसायटीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. वर्षानुवर्षं अडत्याच्या पट्टीवर हिशेब मांडणाऱ्या कित्येकांना आपला आंबा नेमका कोणाच्या घरी जातो, हे त्या हंगामात पहिल्यांदा समजलं.

टाळेबंदी उठली, यादी मात्र राहिली. छोट्या धंद्याच्या जाहिरातीचा विषय निघाला की बोलणं फॉलोअर किती आणि व्हिडिओ किती चालला याभोवती फिरतं. आंबेवाल्यांचा अनुभव वेगळं सांगतो. गेल्या वर्षी पेटी घेतलेल्या दोनशे घरांची यादी ज्याच्या फोनमध्ये आहे, त्याला वीस हजार अनोळखी फॉलोअरची फार गरज पडत नाही. समाज माध्यमांवरची सारी मेहनत शेवटी या यादीत चार नावं वाढवण्यासाठी असते.

यादी सांभाळण्याचं साधन फुकट आहे. छोट्या दुकानदारांसाठीचं व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप भारतात जानेवारी २०१८ मध्ये आलं. त्यात मालाचा फोटो, वजन आणि भाव लावून कॅटलॉग मांडता येतो, ‘पैसे आले’, ‘माल पाठवायचा’ अशी लेबलं गिऱ्हाइकांना लावता येतात, नेहमीची उत्तरं तयार ठेवता येतात. एकच निरोप जास्तीत जास्त २५६ जणांना वेगवेगळा पाठवणारी ब्रॉडकास्ट यादीही असते. तिची मेख मात्र अनेकांना ठाऊक नसते: ज्याने विक्रेत्याचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे, त्यालाच तो निरोप पोचतो. म्हणून पेटीत आंबा पिकवण्याच्या सूचनांची जी चिठ्ठी टाकतात, तिच्यावर ‘हा नंबर आमच्या नावाने सेव्ह करून ठेवा’ ही एक ओळ असायलाच हवी. एवढ्या स्वस्तातली जाहिरात दुसरी नाही.

नवं गिऱ्हाईक आणायचं काम इन्स्टाग्राम आणि फेसबुकचं. टिकटॉकवर भारतात २९ जून २०२० ला बंदी आली आणि त्यानंतर दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामने इथे रील सुरू केली. रीलचं वैशिष्ट्य हे, की ती फॉलो न करणाऱ्यांनाही दिसते. ती किती जणांना दाखवायची, हे कशावर ठरतं? इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये तीन गोष्टी महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या: लोक ती किती वेळ पाहतात, किती जण लाइक करतात आणि किती जण ती दुसऱ्याला पाठवतात. अनोळखी माणसापर्यंत पोचायला शेवटची गोष्ट विशेष कामी येते. तेव्हा प्रश्न असा विचारायचा, की एखादी बाई हा व्हिडिओ आपल्या बहिणीला किंवा जावेला का पाठवील?

कोपऱ्यात दुकानाचं नाव छापलेली ‘शुभ सकाळ’ ती पाठवणार नाही. झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीने, आंबा उतरवताना देठ का राखतात, हे बागेतला गडी दाखवत असेल, तर ती पाठवील. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि तिथूनच फळ बिघडायला लागतं. तीस सेकंदांत हे दिसतं, कळतं आणि पाहणाऱ्याला घरच्या पेटीकडे नव्या नजरेने बघायला लावतं. पेंढ्यातली आढी, काट्यावर होणारी प्रतवारी, डागी फळ बाजूला काढणारा हात, हे सगळं रोजचं काम आहे. त्यासाठी कॅमेरावाला बोलवावा लागत नाही. सकाळचा उजेड, पुसलेली लेन्स आणि बोलणाऱ्याची स्वतःची भाषा पुरते. मालवणीत बोलणारा माणूस मालवणीतच बोलू दे, खाली मराठी ओळी टाकता येतात. आणि भाव लिहावा. ‘किमतीसाठी मेसेज करा’ वाचून बरेच जण पुढे सरकतात.

एक खबरदारी गाण्यांची. गाजलेलं सिनेगीत मागे लावून माल विकणं हा हक्कभंगाचा मामला होऊ शकतो. इन्स्टाग्राम व्यवसाय खात्यांना बरीचशी गाणी उपलब्धच करून देत नाही, ते याचमुळे. पानांची सळसळ आणि पेटीला ठोकल्या जाणाऱ्या खिळ्यांचा आवाज पुरेसा आहे.

पण आंबा फोटोत बघून घ्यायचा, तर तो देवगडचाच कशावरून? दुसरीकडचं फळ देवगडच्या पेटीत भरून विकण्याचा उद्योग जुना आहे आणि फोनमुळे तो सोपाही झाला. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर स्वतंत्र क्रमांकाचा स्टिकर लावण्याची योजना आणली. स्टिकरचा फोटो ठरलेल्या व्हॉट्सॲप नंबरवर पाठवला की खरेपणा तपासता येतो. हेच तत्त्व घरगुती लोणची, पापड, आंबापोळी विकणाऱ्यांनाही लागू आहे. अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक लेबलवर आणि प्रोफाइलमध्ये असला, की नव्या गिऱ्हाइकाची निम्मी शंका मिटते.

खरी कसोटी तक्रारीच्या वेळी लागते. हापूसमध्ये साका निघतो. बाहेरून फळ सोन्यासारखं आणि कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा गर. तो बागायतदारालाही बाहेरून दिसत नाही. गिऱ्हाईक कापलेल्या फळाचा फोटो पाठवतं, कधी चारचौघांत, पोस्टखालीच टाकतं. काही विक्रेते तो फोटो पुसून टाकतात, काही वाद घालतात. दोन्हींचं नुकसान ठरलेलं. जो तिथेच, सगळ्यांदेखत, साका म्हणजे काय ते दोन ओळींत समजावतो आणि ‘जेवढी फळं खराब निघाली तेवढी पुढच्या पेटीत जास्त घालतो’ असं लिहून तसं वागतो, त्याच्या पेटीची शिफारस तेच गिऱ्हाईक करत फिरतं.

व्हायरल होण्याची हाव मात्र जपून धरावी. ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीच्या मालवीय नगरातल्या ‘बाबा का ढाबा’ या टपरीचा व्हिडिओ देशभर फिरला, दुसऱ्या दिवशी रांगा लागल्या, मदत आली, डिसेंबरात रेस्टॉरंट निघालं. २०२१ च्या फेब्रुवारीत ते बंद झालं आणि वृद्ध मालक आपल्या जुन्या टपरीवर परतले. रेस्टॉरंटचा महिन्याचा खर्च गल्ल्यापेक्षा जड झाला होता. व्हिडिओ पाहून आलेली गर्दी रोजच्या जेवायला येणारी नव्हती.

कोल्हापुरी चपलेच्या वाट्याला आलेली लाट निराळी. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या आणि श्रेय न दिल्याबद्दल समाज माध्यमांवर संताप उसळला. कंपनीला भारतीय कारागिरीचं ऋण मान्य करावं लागलं. त्या दिवसांत लोक फोनवर अस्सल कोल्हापुरी शोधत होते. ज्या कारागिराचं दुकान गूगलच्या नकाशावर पत्ता, वेळ आणि फोटोंसह नोंदलेलं होतं, त्याच्यापर्यंत ते पोचू शकत होते. ही नोंद फुकट होते, आणि ती लाट येण्याआधी करून ठेवायची असते.

पैसे मोजून जाहिरात करायची तर जिथे माल पोचवता येतो तेवढाच भाग निवडावा. पेटी फक्त ठाणे-डोंबिवलीला जाणार असेल, तर नागपुरात ती दाखवण्यात पैसा वाया जातो.

धंदा फोनवर आला तसे भामटेही आले. ‘कँटीनसाठी पन्नास पेट्या हव्यात, पैसे पाठवायला हा कोड स्कॅन करा’ असा फोन आला तर तो तिथेच बंद करावा. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. ‘तुमचं पेज बंद होणार आहे’ म्हणून येणाऱ्या लिंकही अशाच. खात्याला दुहेरी पडताळणी लावावी, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा.

बहुतेकांची चूक जूनमध्ये होते. पाऊस पडला, आंबा संपला आणि खातं थेट पुढच्या मार्चपर्यंत मुकं. मधल्या महिन्यांत बाग मुकी नसते. पालवी फुटते, थंडीत मोहोर येतो, वाटाण्याएवढी कैरी सुपारीएवढी होते. अवकाळी पावसाने मोहोर झडला तर तेही सांगावं. असा फोटो महिन्यातून दोनदा आला, तर मार्चमध्ये भाव वाढल्याचं कारण गिऱ्हाइकाला आधीच ठाऊक असतं.

शेवटचं सांगणं विक्रेत्यांना नाही, आंबा खाणाऱ्यांना आहे. थेट बागेतून घेतलेली पेटी गोड निघाली, तर गूगलवर त्या बागायतदाराच्या नावाखाली दोन ओळी लिहा, कापलेल्या फोडींचा एक फोटो टाका. फळ खराब निघालं, तर एक तारा देण्याआधी त्याला फोन करून बघा. नंबर पेटीतल्या चिठ्ठीवर आहे.