एक्सप्लेनर : युद्धकाळात नेत्यांना मोजण्याचं माप पक्ष बघून बदलतं का? उपनगरातल्या एका खासदाराची गोष्ट

सीमेवर तणाव वाढला की अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. एकाला सरकारला विचारलेला प्रत्येक प्रश्न देशविरोधी वाटतो, तर दुसऱ्याला सरकारचा प्रत्येक निर्णय चुकीचा. सरकार बदललं की हेच तट आपापल्या जागा बदलतात. हे नवं नाही. मुंबईच्या उपनगरांनी ते ६० वर्षांपूर्वीच पाहिलं आहे.

कृष्ण मेनन यांचं काय झालं?

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा संरक्षणमंत्री होते व्ही. के. कृष्ण मेनन. दोनच महिन्यांनी ते उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींना जवळपास दीड लाख मतांनी हरवून लोकसभेवर गेले. त्यांच्या प्रचाराला स्वतः पंडित नेहरू उतरले होते.

ऑक्टोबरमध्ये चीनने हल्ला केला आणि चित्र पालटलं. विरोधकांसोबत काँग्रेसचे खासदारही मेनन यांचा राजीनामा मागू लागले. नोव्हेंबरमध्ये ते मंत्रिमंडळाबाहेर पडले आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. नेहरू मात्र पंतप्रधानपदी कायम राहिले. गोव्याचं श्रेय साऱ्या सरकारला मिळालं होतं, चीनचं खापर मुख्यतः एकाच माणसावर फुटलं.

१९६७ मध्ये काँग्रेसने मेनन यांना तिकीट नाकारलं. ईशान्य मुंबईतून ते अपक्ष लढले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. बर्वे यांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीतही त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांनी मेनन यांना हरवलं.

पक्ष जागा कशा बदलतात?

- १९६२ : युद्ध सुरू असताना संसदेचं अधिवेशन बोलवा, अशी मागणी जनसंघाचे अटलबिहारी वाजपेयी यांनी केली. नेहरूंनी ८ नोव्हेंबरला अधिवेशन घेतलं.
- १९९९ : कारगिलच्या वेळी वाजपेयी पंतप्रधान होते. आता काँग्रेसने राज्यसभेचं अधिवेशन मागितलं. ते बोलावलं गेलं नाही.
- २००८ : २६/११ची कारवाई संपण्याआधीच गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी मुंबईत आले आणि त्यांनी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या भाषणावर टीका केली.
- २०१९ : बालाकोटनंतर विरोधकांनी पुरावे मागितले, तेव्हा हा सैन्याचा अपमान असल्याचं भाजपने म्हटलं.
- २०२५ : ऑपरेशन सिंदूरनंतर काँग्रेससह विरोधकांनी विशेष अधिवेशन मागितलं. सरकारने ते घेतलं नाही. चर्चा झाली ती जुलैअखेरीस, पावसाळी अधिवेशनात.

हे फक्त भारतात होतं का?

नाही. सीरियावरील हल्ल्याबाबत वॉशिंग्टन पोस्ट-एबीसीने अमेरिकेत दोनदा मतचाचणी घेतली. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा असताना रिपब्लिकन समर्थकांपैकी २२ टक्के हल्ल्याच्या बाजूने होते. २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी हल्ला केल्यावर हाच आकडा ८६ टक्क्यांवर गेला. डेमोक्रॅट समर्थकांचा पाठिंबा मात्र दोन्ही वेळा ३७-३८ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे दुटप्पीपणा दर वेळी दोन्ही बाजूंना सारखाच असतो, असंही नाही.

मग प्रत्येक फरक दुटप्पीपणाच का?

तसंही नाही. प्रत्येक वेळची परिस्थिती वेगळी असते. १९९९ मध्ये लोकसभाच विसर्जित झाली होती. २०१३ मध्ये हल्ल्याचा फक्त प्रस्ताव होता, २०१७ मध्ये हल्ला होऊन गेला होता. मत बदलायला असं ठोस कारण असेल, तर तो दुटप्पीपणा नाही. फक्त खुर्चीवरचा माणूस बदलला म्हणून मत बदललं, तर तो आहे.

वाचकाने काय करावं?

सोपी चाचणी आहे. बातमी वाचताना नेत्याचं आणि पक्षाचं नाव बदलून पाहा. हेच दुसऱ्या पक्षाच्या पंतप्रधानाने केलं असतं, तर आपण काय म्हटलं असतं? उत्तर बदलत असेल, तर मेसेज फॉरवर्ड करण्याआधी थांबा. गुप्तचर यंत्रणा कुठे चुकली, जवानांकडे साहित्य पुरेसं होतं का, हे प्रश्न पक्ष बघून विचारले गेले, तर त्यांची उत्तरं कुणालाच द्यावी लागत नाहीत. आणि त्याची किंमत सीमेवरचा जवान मोजतो, तशीच लोकलने प्रवास करणारा मुंबईकरही.