बजेट १० हजारांचं असेल तर गाडीत स्क्रीन नको, आधी दरवाजातले स्पीकर बदला

दोन वर्षांपूर्वी एक जुनी वॅगनआर घेतली. इंजिन ठणठणीत, एसी गारेगार, टायर नवे. पण गाणं लावलं की आवाज असा यायचा, जसा रिकाम्या पातेल्यात मोबाईल ठेवल्यावर येतो.

मग काय, सगळे करतात तेच केलं. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जाऊन म्हणालो, "साऊंड चांगला पाहिजे." दुकानदारानं पुढचं काही न विचारता ९ इंची अँड्रॉइड स्क्रीन काउंटरवर ठेवली. १२ हजार मोजले, दोन तासांत स्क्रीन बसली. घरी येताना गाणं लावलं. पातेलं तेच होतं, फक्त आता त्याला टीव्ही लागला होता.

ही चूक करणारा मी एकटा नाही. स्क्रीन दिसते, मित्रांना दाखवता येते, म्हणून पहिले पैसे तिकडेच जातात. स्पीकर दरवाजाच्या आत लपलेले, त्यांच्याकडे कोण बघतंय?

म्हणून आधी हा आवाज येतो कसा ते बघू.

गाणं मोबाईल किंवा पेनड्राइव्हमधून स्टिरिओत जातं. स्टिरिओच्या पोटात एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो, तो त्या सिग्नलला ताकद देतो. तिथून वायर दरवाजात जाते आणि स्पीकरचा पडदा हलून हवा हलवतो. ही हवा हलवणं म्हणजेच आवाज. आता स्वस्त गाड्यांमध्ये कंपनी सगळ्यात जास्त काटकसर कुठे करते, तर स्पीकरमध्ये. पातळ कागदी पडदा, छोटंसं मॅग्नेट, प्लॅस्टिकची फ्रेम. स्टिरिओ कितीही भारी लावा, शेवटी हवा हलवायची आहे ती त्या कागदानेच.

आता येऊ वॅटवर, कारण दुकानात सगळ्यात जास्त फसवणूक याच शब्दावर होते.

जवळपास प्रत्येक स्टिरिओच्या खोक्यावर '४ × ५० वॅट' असं लिहिलेलं असतं. हे ५० कुठून आले? गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, पण इंजिन चालू असताना ऑल्टरनेटरमुळे साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. कारचा स्पीकर बहुतेक वेळा ४ ओहमचा. शाळेतलं सूत्र आठवा, व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. १४.४ गुणिले १४.४ म्हणजे २०७, त्याला ४ ने भागलं की आले ५२ वॅट. झालं, खोक्यावरचा आकडा सापडला.

गंमत अशी की एवढी पॉवर मिळते तेव्हा आवाज पूर्ण फाटलेला असतो. स्वच्छ आवाजाची लहर सारखी वरखाली होत असते, त्यामुळे हिशेबात धरायचं तिचं व्होल्टेज १० च्या आसपास येतं. १० चा वर्ग १००, भागिले ४, म्हणजे २५ वॅट. त्यातलंही थोडं सर्किटमध्येच खर्च होतं. शेवटी हातात पडतात १८ ते २० वॅट. यालाच आरएमएस पॉवर म्हणतात आणि स्टिरिओ घेताना विचारायचा आकडा हाच. ३ हजारांचा साधा स्टिरिओ असो की २५ हजारांची स्क्रीन, आतल्या अ‍ॅम्प्लिफायरवरच स्पीकर चालणार असतील तर गाडीच्या १४ व्होल्टमधून साधारण एवढंच निघतं. आणि खोक्यावर 'पीएमपीओ' लिहून पुढे हजारांत वॅट दिले असतील, तर तो आकडा वाचूच नका. तो मोजायचं कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही, लिहिणाऱ्याच्या मनाला येईल तो लिहितो.

मग २० वॅटमध्ये मोठा आवाज मिळवायचा कसा? इथे स्पीकरच्या खोक्यावरचा एक छोटा आकडा कामाला येतो. सेन्सिटिव्हिटी. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, ते हा आकडा सांगतो. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर पॉवर दुप्पट करावी लागते. म्हणजे ९० डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जेवढा वाजतो, तेवढंच वाजायला ८७ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॅट लागतात. हे जादाचे २० वॅट तुमच्या स्टिरिओकडे नाहीत. म्हणून वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घेणार नसाल, तर ९० किंवा त्याच्या वर सेन्सिटिव्हिटी असलेले स्पीकर घ्या. '३०० वॅट मॅक्स' लिहिलेला जडशीळ स्पीकर तुमच्या स्टिरिओवर उलट हळू वाजण्याचीच शक्यता जास्त.

स्पीकरचे प्रकार मुख्यतः दोन. कोअ‍ॅक्शियल म्हणजे मोठ्या स्पीकरच्या मधोमध बारीक आवाजाचा छोटा ट्वीटर बसवलेला. कंपोनंट म्हणजे ट्वीटर वेगळा, तो आरशाजवळ किंवा डॅशबोर्डवर बसतो. दरवाजातला स्पीकर आपल्या गुडघ्याकडे तोंड करून वाजत असतो, त्यामुळे बारीक आवाज सीटच्या कापडातच जिरतात. ट्वीटर वर आला की गाणारा माणूस पायाशी बसल्यासारखा न वाटता काचेपुढे उभा असल्यासारखा वाटतो. नावाजलेल्या कंपन्यांची कोअ‍ॅक्शियल जोडी २-३ हजारांच्या आसपास मिळते, कंपोनंट ४ हजारांपासून पुढे. जमत असेल तर पुढच्या दारांना कंपोनंट, आणि मागचे स्पीकर आहेत तसेच राहू द्या. मागे मुलं बसतात म्हणून चारही दारांचं बजेट चार भागात वाटून टाकणारे पुष्कळ. त्यापेक्षा सगळा पैसा पुढे घाला.

खरेदीआधी दोन मापं बघायची. एक, स्पीकरचा घेर. बऱ्याच गाड्यांना साडेसहा इंची बसतो, पण सगळ्या नाही. दोन, मॅग्नेटची खोली. काच खाली केल्यावर ती मॅग्नेटला अडली तर मोठीच पंचाईत. दुकानदाराला आधी काच पूर्ण खाली करून माप घ्यायला लावा.

आता असा विषय, ज्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही आणि माझ्या गाडीत सगळ्यात जास्त फरक ज्यानं पडला. दरवाजा.

घरच्या स्पीकरला लाकडी खोकं असतं. गाडीत खोक्याचं काम करतो दरवाजा. पण दरवाजाचं आतलं पॅनल काढून बघा, पत्र्याला मोठमोठी भोकं असतात. स्पीकर पुढे हवा ढकलतो तेव्हाच मागे हवा ओढतो. मागची ती लहर भोकांतून बाहेर येऊन पुढच्या लहरीला भिडते आणि दोघी एकमेकींना मारतात. सगळ्यात आधी बळी जातो बेसचा. वर पातळ पत्रा थरथरतो तो वेगळाच.

यावर उपाय म्हणजे डॅम्पिंग शीट. एका बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर, दुसऱ्या बाजूला चिकट ब्युटाइल रबर. बाहेरच्या पत्र्यावर लावली की थरथर थांबते, आतल्या भोकांवर लावली की दरवाजा खोक्यासारखा बंद होतो. पुढच्या दोन दारांना २ हजारांच्या आसपास खर्च येतो. स्वस्तात मिळते म्हणून गच्चीला लावायची डांबरी शीट अजिबात घेऊ नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती पाघळते आणि वास महिनोन् महिने जात नाही. अजून एक, दरवाजाच्या तळाला बारीक भोकं असतात, ती पाणी बाहेर जाण्यासाठी असतात. ती बुजवली तर एका पावसाळ्यात दार आतून गंजायला लागेल.

वायरिंगचा मुद्दा मात्र पैशांपेक्षा मोठा आहे. कारागीर पटकन काम उरकायला मूळ वायर कापून, पिळून वर टेप मारतात. उन्हानं टेपचा गोंद सुटतो, उघड्या तारा पत्र्याला टेकतात आणि शॉर्टसर्किट होतं. गाडी वॉरंटीत असेल तर कापलेली वायर बघून इलेक्ट्रिकल भागाचा क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. हे सगळं टाळायला बहुतेक गाड्यांसाठी काही शे रुपयांत रेडीमेड कपलर मिळतात. एक टोक गाडीच्या सॉकेटमध्ये, दुसरं स्टिरिओला किंवा स्पीकरला. "कपलर लावून देणार असाल तरच काम करा," हे पैसे देण्याआधी सांगायचं.

पुढे कधी अ‍ॅम्प्लिफायर लावलात, तर त्याची वायर थेट बॅटरीवरून येते. त्या वायरला बॅटरीपासून वीतभर-दोन वीत अंतरात फ्यूज हवाच. फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला लावून उपयोग नाही, कारण मधली सगळी वायर विनासंरक्षण राहते आणि ती कुठे घासून शॉर्ट झाली तर आग लागू शकते.

मग स्क्रीन कधीच घ्यायची नाही का? घ्या की. मॅप हवा, रिव्हर्स कॅमेरा हवा, अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले हवं, तर जरूर घ्या. फक्त ती सोयीसाठी घेतोय हे माहीत असू द्या. नव्या गाड्यांत स्टेअरिंगची बटणं, कॅमेरा असं बरंच काही मूळ स्टिरिओला जोडलेलं असतं, तिथे तर तो न काढलेलाच बरा.

माझा दुसऱ्या खेपेचा हिशेब असा होता: कंपोनंट स्पीकर ४,५००, डॅम्पिंग २,०००, कपलर आणि स्पीकरखालच्या रिंगा ८००, मजुरी १,०००. एकूण ८,३००. शहर आणि दुकानाप्रमाणे हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. मुंबईत ऑपेरा हाऊस आणि पुण्यात नाना पेठ अशा भागात दुकानं लागून लागून आहेत, तिथे तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय पाकीट काढू नका.

आणि एक रुपयाही खर्च करण्याआधी हे करून बघा: इक्वलायझर सगळा शून्यावर आणा, फेडर थोडा पुढे घ्या, गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये क्वालिटी 'हाय' करा, ब्लूटूथवर मोबाईलचा आवाज पूर्ण ठेवून बाकीचं स्टिरिओवरून कमी-जास्त करा. काहींचं काम इथेच भागतं.

काम झाल्यावर दुकानातून निघायच्या आधी एक चाचणी करा. बेस असलेलं गाणं लावा आणि बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या, मग मधोमध आणा. मध्ये आल्यावर बेस वाढायला हवा. उलट कमी झाला, तर एका स्पीकरच्या प्लस-मायनस वायरी उलट्या जोडल्यात. एक स्पीकर हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय. दोन मिनिटांचं काम आहे, तिथेच उभं राहून करून घ्या. पॅनल पुन्हा बसवताना आतला प्लॅस्टिकचा कागद नीट चिकटवलाय ना तेही बघा, नाहीतर जूनमध्ये पाणी थेट नव्या स्पीकरवर येईल.