ज्वालारोधक प्रक्रिया (पडदे व आसने)

नाट्यगृह, चित्रपटगृह, मंगल कार्यालय, हॉटेल, रुग्णालय इत्यादी इमारतींतील पडदे, गाद्या व खुर्च्यांची आवरणे सहज पेटू नयेत म्हणून त्यांवर केल्या जाणाऱ्या रासायनिक संस्कारास ज्वालारोधक प्रक्रिया म्हणतात. तिच्यामुळे कापड अदाह्य होत नाही. ते पेटण्यास विलंब लागतो व ज्वाला सावकाश पसरते. बाहेर पडण्यास मिळणारी काही मिनिटे हाच तिचा खरा लाभ होय.

कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली ही वास्तू १९१५ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ या नावाने पूर्ण झाली होती. आगीत रंगमंच, छत व आसने भस्मसात झाली. जीवितहानी झाली नाही. आगीच्या कारणाचा प्रश्न वेगळा. मात्र लाकूड, कापड, फोम आणि विजेचे दिवे एकाच छताखाली असल्याने कोणत्याही नाट्यगृहात ठिणगीला इंधनाची वाण पडत नाही.

हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि सुती कापड जळत राहण्यास सुमारे १८ टक्के पुरतो. म्हणून टांगलेला सुती पडदा पाहता पाहता पेटतो. फॉस्फरसयुक्त क्षार तापल्यावर आम्ल निर्माण करतात. त्यामुळे कापडातून ज्वलनशील वायू कमी सुटतात व त्याचा कोळसा होतो. टाकणखार वितळून धाग्यांवर काचेसारखा थर धरतो. ही युक्ती जुनी आहे. पॅरिसच्या नाट्यगृहांतील पडद्यांसाठी गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाने १८२१ मध्ये अमोनियम फॉस्फेट, नवसागर व टाकणखार यांची मिश्रणे सुचविली होती.

असे क्षार पाण्यात विरघळतात, ही त्यांची मोठी उणीव. पडदा एकदा धुतला की संस्कार गेला. कोल्हापूरच्या पावसाळ्यासारख्या दमट हवेत काही क्षार ओल धरतात आणि पडद्याच्या कड्या गंजवितात. धुलाईत टिकणारे संस्कार कारखान्यातच करावे लागतात. काही पॉलिएस्टर धाग्यांत तर ज्वालारोधक घटक मुळातच मिसळलेला असतो. खरेदीच्या वेळी केवळ ‘फायरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नये. संस्कार धुण्याने जातो की नाही, हे विचारावे.

आसनांचा प्रश्न अधिक बिकट आहे. वरचे कापड टिकले, तरी आतील पॉलियुरेथेन फोम पेटल्यास कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू निघतात. दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ जण दगावले. तेथे आग तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरची होती, पण बहुतेकांचा बळी धुराने घेतला. काही ब्रोमीनयुक्त ज्वालारोधके आरोग्यास घातक ठरल्याने २००९ पासून स्टॉकहोम करारान्वये त्यांच्यावर निर्बंध आहेत.

भारतीय मानक ब्यूरोने पडद्यांसाठी आयएस १५७४१ व घरगुती नसलेल्या गादीदार आसनांसाठी आयएस १५७६८ ही मानके ठरविली आहेत. दुसऱ्या मानकात कापड व फोम यांची एकत्रित चाचणी अपेक्षित आहे. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा व्यवस्था सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते.