मिनीमूगचा भोपळा

सतारीला भोपळा असतो, व्हायोलिनला पोकळ पेटी असते. मिनीमूगला यातलं काहीच नाही. 1970 साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग या लहानशा गावातून रॉबर्ट मूग यांच्या कंपनीने हा सिंथेसायझर बाजारात आणला. लाकडी चौकटीत 44 पट्ट्या, तीन ऑसिलेटर, एक फिल्टर. स्पीकर नाहीच. मागच्या जॅकमधून बाहेर येते ती नुसती विजेची लहर, तिला आवाजाची काया कुठून द्यायची ते वाजवणाऱ्याने बघायचं.

बहुतेक जण तो थेट मिक्सरला जोडतात. आवाज स्वच्छ येतो. माझ्या कानाला जरा जास्तच स्वच्छ. गिटारचा ॲम्प लावला की मामला बदलतो. हाय-फायच्या हिशेबाने गिटार ॲम्प म्हणजे दोषांचं गाठोडं: 12 इंची कागदी कोन, ट्विटरचा पत्ता नाही, साधारण 5000 हर्ट्झच्या वर आवाज झपाट्याने गळतो, आणि व्हॉल्व्हवर ताण आला की लहरींचे शेंडे चपटे होऊन आवाज फाटतो. पण इलेक्ट्रिक गिटार मोठी झाली ती याच दोषांच्या अंगाखांद्यावर. फेंडरने बासवाल्यांसाठी काढलेला ‘बासमन’ गिटारवाल्यांनीच पळवला, आणि 1962 मध्ये लंडनला जिम मार्शल यांच्या दुकानात त्याच्याच नकाशावरून पहिला मार्शल तयार झाला. पुढे डीप पर्पलच्या जॉन लॉर्डने त्या मार्शलमध्ये चक्क हॅमंड ऑर्गन घातला. तेव्हा कुठलं वाद्य कुठल्या ॲम्पला लावायचं याचं सोवळं कधी फारसं नव्हतंच.

जोडताना एक पथ्य आहे. गिटारच्या पिकअपमधून जेमतेम व्होल्टचा काही अंश येतो, सिंथमधून त्याच्या कितीतरी पट. म्हणून मिनीमूगच्या मागे हाय आणि लो असे दोन जॅक आहेत, त्यातला लो घ्यायचा आणि आवाज अगदी खालून वर न्यायचा. मग दुसरा ऑसिलेटर पहिल्याच्या पंचमावर लावा. षड्ज 200 हर्ट्झचा, पंचम 300 चा. आवाज फाटू लागला की दोघांच्या फरकातून 100 हर्ट्झचा तिसरा स्वर उमटतो: खालच्या सप्तकातला षड्ज, जो एकही ऑसिलेटर वाजवत नसतो! आता फिल्टर हळूहळू बंद करा. वरचे स्वरांश कापले जातात, ॲम्पकडे जाणारा जोर घटतो, फाटणंही ओसरतं. उघडा, की पुन्हा गुरगुर. एकाच नॉबवर दोन कामं. अशा फाटक्या आवाजात, म्हणजे डिस्टॉर्शनमध्ये, भरगच्च कॉर्डचा चिखल होतो. मिनीमूगला एका वेळी एकच पट्टी वाजवता येते, ही त्याची उणीव इथे पथ्यावर पडते.

या वाटेवर सगळ्यात लांब गेला यान हॅमर. महाविष्णू ऑर्केस्ट्रात जॉन मॅक्लॉफ्लिनच्या गिटारशी त्याला सवाल-जवाब करायचे होते. उजवा हात पट्ट्यांवर, डावा पिच व्हीलवर. त्या चाकातून तो मींड काढायचा. त्यात डिस्टॉर्शन मिसळलं की भलेभले फसायचे. 1975 च्या ‘द फर्स्ट सेव्हन डेज’ या तबकडीच्या वेष्टनावर शेवटी छापावं लागलं, की यात गिटार नाही.

खर्जाचं गणित वेगळं. बास गिटारची सगळ्यात खालची तार 41 हर्ट्झला असते. मिनीमूग माणसाच्या कानाच्या हद्दीखाली उतरतो. मागून उघड्या गिटार ॲम्पमध्ये हे घातलं तर कोन नुसता फडफडतो, आवाज येत नाही, आणि कॉइल जाण्याची भीती. इथे बासचा ॲम्प हवा. 1969 चा ॲम्पेग एसव्हीटी, 300 वॅट, खाली बंद पेटीत 10 इंची आठ स्पीकर, हे वजन सहज पेलतो. दात मात्र थोडे बोथट होतात. एकच ॲम्प घ्यायची ऐपत असेल तर मी बासचाच घेईन आणि त्याआधी एक डिस्टॉर्शन पेडल लावीन.

गंमत म्हणजे खुद्द मूगच्या इंजिनिअरांनीही गिटार ॲम्प बनवले. मूग आणि गिब्सन या दोन्ही कंपन्या नॉर्लिनच्या मालकीच्या होत्या, त्यातून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘लॅब सिरीज’ निघाली. तिचा ट्रान्झिस्टरवर चालणारा एल-5 बी. बी. किंगच्या आवडीचा झाला.

मुंबईत वादक केरसी लॉर्ड यांनी मिनीमूग हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत नेला. पण फाटक्या आवाजाची चटक आपल्याला लावली ती बेंजो पार्टीने: पिकअप लावलेलं बुलबुलतरंग, गाडीवरचा ॲम्प, भोंगे, आणि समोर विसर्जनाची गर्दी. तो कान असलेल्या माणसाला मार्शलमधला सिंथ समजावून सांगावा लागत नाही.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर ॲम्पपुढे साधा एसएम-57 माईक पुरतो. कोनच्या मधोमध धरला तर आवाज टोकदार, कडेला सरकवला की गोल. सोबत सिंथची थेट लाइनही वेगळ्या ट्रॅकवर घ्यावी, कारण खर्ज तिथेच शाबूत राहतो. दोन्ही मिसळताना एकदा फेज उलटून ऐकावा. खर्ज एकदम भरून आला, तर तसाच उलटा ठेवावा.